दाराबाहेर उघडणारं पान

नवस मी आयुष्यभर बोलत आले आणि फेडतही आले. सोळा सोमवार केले, संकष्टी अजून चालू आहे, मनवा पोटात असताना देवीला ओटी बोलले होते तीही भरली. पण एक नवस मी घाईत बोलले होते. तोच आज सांगते. बसा अशा दिव्याजवळ, वारा तुमच्या बाजूने येतोय.

आमची जुनी चाळ करी रोडला, गिरणीच्या भिंतीला लागून. चाळीच्या मागे राखणदाराचा दगड होता. कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात चामड्याच्या करकरणाऱ्या वहाणा. दिसत कुणाला नाही, पण आहे हे कळतं. आमच्या सासऱ्यांच्या पिढीतली माणसं गावाहून मुंबईला आली, गिरणीत लागली, तरी जागेच्या धन्याला नारळ-विडी द्यायचं त्यांनी सोडलं नाही. मग चाळ पडली, तिथे टॉवर उभा राहायला लागला आणि आम्ही संक्रमण शिबिरात जाऊन पडलो. वर्षं जात होती, चावी काही मिळत नव्हती. तेव्हा मी त्या दगडाला नवस बोलले: घराची चावी हातात येऊ दे, तुला नव्या वहाणा वाहीन, आणि दर अवसेला नारळ देईन.

चावी आली. बिल्डरने दगड उचलून पाण्याच्या पंपाशेजारी नेऊन ठेवला होता. तिथे वहाणा वाहिल्या. गाऱ्हाणं घालायचं काम खरं तर आमच्या ह्यांचं, पण त्या दिवशी हे तापाने फणफणलेले. अवस टळायला नको म्हणून मीच हात जोडून उभी राहिले. मला कुणी शिकवलेलं नव्हतं. दाराआडून ऐकलेलं जेवढं आठवलं तेवढं म्हटलं: "बा राखणदारा म्हाराजा, ह्या लेकरांच्या घराकडे जा काय वायट-वंगाळ येत आसात, ता दाराभायरच थांबव रे म्हाराजा…" नारळ एका फटक्यात सरळ फुटला. मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू.

आणि खरंच, त्या घरात आम्हाला चांगले दिवस आले. मनवा कॉलेज संपवून नोकरीला लागली. हे निवृत्त झाले. भांडण नाही, आजारपण नाही.

मग मनवाच्या छातीत गाठ लागली.

डॉक्टरीणबाईंनी सुई घालून तुकडा काढला, तपासायला पाठवला. म्हणाल्या, "रविवारी रिपोर्ट येईल. वेबसाइटवर बघा आणि लगेच मला कळवा. सोमवारी सकाळी माझी ऑपरेशनं ठरतात. तसंच काही निघालं तर तुला त्यात घेते. नंतर मी बाहेरगावी आहे, आणि ही वाट बघायची गोष्ट नाही." लॅबचा काउंटर रविवारी बंद. म्हणजे रिपोर्ट बघायचा तो वेबसाइटवरच.

हे तेव्हा गावी गेले होते. धाकटे दीर, गणपत, घराची कौलं बदलून घेत होते, त्यांच्या मदतीला. घरात आम्ही दोघीच.

रविवारी जेवणं उरकली. मनवाने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला. मी भांडी विसळत होते, पण कान तिकडेच.

"आलं का गं?"

"गोल फिरतंय नुसतं."

मी हात पुसून आले. पांढरं पान, मधे बारीकसं चक्र. फिरतंय, फिरतंय, आणि मग ‘ही साइट उघडता येत नाही’.

"इंटरनेट गेलं असेल."

"इंटरनेट चालू आहे आई. बघ, हे गाणं लागलं. ही बातम्यांची साइट उघडली. हीच तेवढी नाही उघडत."

तिने राउटर बंद करून चालू केला. मागची वायर काढून पुसून लावली. मोबाइलवर बघितलं, तेच. घरच्या वायफायवरून काढून मोबाइलच्या नेटवर टाकलं, तरी तेच. मग कंपनीला फोन. कितीतरी वेळ सनईसारखं काहीतरी वाजत राहिलं आणि मग एक मुलगी म्हणाली, "मॅम, आमच्याकडून सगळं ओके दिसतंय. साइटचाच प्रॉब्लेम असेल."

"मग माझ्या ऑफिसमधल्या प्रितीकडे कशी उघडतेय? तिला आत्ता विचारलं मी."

"मॅम, माणूस पाठवते."

माणूस आला तो सम्यक. घोडपदेवला राहतो, आमच्या भागाच्या तारा सगळ्या त्याच्याकडे. हसरा, तोंडाने सारखा चालू. रविवारचा शेजारच्या बिल्डिंगमध्ये आला होता म्हणून लगेच वर आला.

"काय काकी, देवाची साइट उघडत नाहीये का? आरती ऑनलाइन?"

"लॅबची रे. मनवाचा रिपोर्ट आहे."

त्याने चेष्टा आवरली. बूट बाहेर काढून आत आला आणि मन लावून कामाला लागला. साइटचा पत्ता शोधायची सेटिंग बदलली. राउटर स्वतःच्या बॅगेतला लावून पाहिला. मग समोर रूथकडे गेला. रूथ डिमेलो आमच्या समोरच राहते, शिक्षिका होती, आता एकटीच असते. तिची आणि आमची वायर मजल्यावरच्या एकाच पेटीतून येते. दोन्ही दारं उघडी होती, रूथचा आवाज ऐकू येत होता.

"माझ्याकडे तर फटाफट उघडते बघ. लॅबच ना? हे काय, पान आलं."

सम्यक आपला लॅपटॉप तसाच हातावर घेऊन परत आला. रूथच्या वायफायवर उघडलेलं पान, निळ्या पट्टीवर लॅबचं नाव, खाली नंबर टाकायची चौकट. मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकलं आणि पान पांढरं झालं.

"रेंज गेली असेल," मी म्हटलं.

"काकी, रेंज फुल आहे." तो मागे गेला. पान आलं. पुढे आला. गेलं. परत मागे. परत पुढे. मग हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. "तुमच्या उंबऱ्यालाच फायरवॉल लागलीये, काकी. मी एवढी वर्षं करतोय, असं… बघितलं नाही कधी."

तेव्हाच मला वास आला. विडीचा. आमच्या मजल्यावर कुणी ओढत नाही. आणि त्याच्या खाली दुसरा एक वास, ओली घोंगडी सावलीत वाळत घातल्यासारखा. सम्यकनेही नाक वर करून जिन्याकडे पाहिलं.

"जाऊ दे," मनवा उठली. "इथे उघडतंय ना? मग इथेच बघते."

ती सम्यकचा लॅपटॉप घेऊन दाराबाहेर गेली. सम्यक भला माणूस, बाजूला जाऊन लिफ्टपाशी उभा राहिला, पाठ करून. मी उंबऱ्याच्या आत. मनवाने नंबर टाकला. मोबाइलवर आलेला आकडा टाकला. खाली खाली सरकवत वाचत गेली. तिचा खालचा ओठ मी बघत होते. लहानपणी पडली, लागलं, की रडायच्या आधी तो असा आत घ्यायची.

तिने लॅपटॉप मिटला. सम्यकच्या हातात दिला. "थँक्यू," म्हणाली.  लिफ्ट आली, तो गेला.

"मनवा… काय गं?"

ती माझ्याकडे बघून बोलायला लागली. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

लिफ्ट खाली जातानाची घरघर मला ऐकू येत होती. रूथच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, तेसुद्धा. फक्त माझ्या मुलीचा, माझ्यापासून दोन हातांवर उभ्या असलेल्या मुलीचा आवाज येत नव्हता.

"मोठ्याने बोल! मला ऐकू येत नाही!"

ती थांबली. कपाळाला आठी पडली. मग म्हणाली, आणि हे मात्र स्वच्छ ऐकू आलं, "आई, पाणी दे ना. आत येते."

तिने पाऊल उचललं. ते उंबऱ्यावर आलं आणि तिथेच थांबलं. तिने परत जोर केला. काचेवर आपटावी तशी मागे झाली.

"आई… कोणीतरी छातीवर हात ठेवलाय."

मी तिचा हात धरून ओढला. कोपरापर्यंत हात आत आला. कोपराच्या पुढे येईना. ओढते आहे, ओढते आहे, आणि हाताला बर्फासारखा गारवा येतोय. तिच्या ओढणीवर, बरोबर त्या दुखऱ्या जागेच्या वर, कापड आत दबलेलं होतं. पाच बोटांएवढं. मी हात सोडला.

रूथ बाहेर आली. तिने मनवाला धरलं, आपल्या दारातल्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मी फोन घेऊन दाराबाहेर मजल्यावर आले. मला कुणी अडवलं नाही. ह्यांना फोन लावला.

सगळं ऐकून ह्यांनी मला परत एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाले, "अगो, तेव्हा तू गाराणा कसा घातलंस?"

मी शब्द सांगितले.

"थांबव? थांबव म्हटलंस?"

"हो. का?"

"अगो, थांबव म्हणाचा नसता. ‘इल्या वाटेन परत घेवन जा’ म्हणाचा असता. थांबव म्हटलंस म्हणान तो थांबवता हा. दारात." हे घाईघाईने पुढे म्हणाले. "वायट ता पोरीच्या आंगात हा; इतके दिस त्याका नाव नव्हता, आज तिना ता वाचल्यान, म्हणान पोरीक थांबवल्यान."

"मग आता?"

"नारळ घी. बरोबर शब्द म्हण. मी येतंय, पण माका पोचाक उद्या उजाडतला. तू आताच म्हण."

तिन्हीसांजा होत आल्या होत्या. मी आत जाऊन देवापुढचा नारळ आणला. येताना जाताना दारात तो वास अंगावरून जायचा, आणि कुणीतरी माझ्यासाठी जरासं बाजूला सरकल्यासारखं वाटायचं. अदबीने. तेच जास्त भयंकर होतं. तो वाईट नव्हता हो. मी दिलेलं काम तो करत होता.

मजल्यावर उभी राहिले. नारळ दोन्ही हातांत धरला.

"बा राखणदारा म्हाराजा… जा काय वायट आमच्या दाराकडे इला हा… ता इल्या वाटेन… परत घेवन…"

करकर.

नव्या चामड्याची. माझ्या उजव्या बाजूने, फरशीवरून, सावकाश. आणि काठीचा टोला. ठक्. ठक्.

मनवा खुर्चीवरून उठली.

"अगं बस ना," रूथ म्हणाली.

मनवाने तिच्याकडे पाहिलंच नाही. तिचा डावा हात वर उचललेला होता, मनगटातून, कुणी धरावा तसा. ती चालायला लागली. लिफ्टकडे नाही, जिन्याकडे. डोळे उघडे, चेहरा शांत. लहान मुलं मोठ्या माणसाचं बोट धरून चालतात तशी. करकर तिच्या शेजारून चालली होती.

मग मला कळलं. वाईट तिच्या अंगात आहे. ते आल्या वाटेने परत न्यायचं, तर तिलाच न्यायला हवं. शब्द बरोबर होते. तो बरोबर शब्दच पाळत होता.

"नको!" मी ओरडले. "नको, म्हाराजा, नको! थांब… थांब!"

मनवाचं पाऊल पहिल्या पायरीवर थांबलं.

आता काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. ह्यांनाही ठाऊक नसेल. मी जिन्याच्या तोंडाशी गेले, फतकल मारून खाली बसले आणि मनवाच्या साडीचा, नाही, तिच्या कुर्त्याचा घेर धरला. बघा, अजून सांगताना माझी जीभ अडखळते. म्हटलं, "मनू, काय लिहिलंय त्यात ते मला सांग. आत्ता. मी बाहेर आहे. मला ऐकू येईल."

तिने सांगितलं. ऐकलं मी. सगळं ऐकलं. कॅन्सर आहे, पसरायच्या बेतात आहे, लवकर काढायला हवा.

मग मी वर पाहिलं, जिथे तिचा हात धरलेला होता तिथे, आणि आमच्या घरच्या साध्या भाषेत बोलले. "म्हाराजा, हिला नेऊ नका. थांबवूही नका. हिचं जे आहे ते घेऊन हिला घरात येऊ द्या. एकटीला जड होतंय, तर त्याचे दोन वाटे करा. एक माझ्याकडे द्या. मी तिची आई आहे, मला चालेल."

 मग काठी एकदा वाजली. ठक्. मनवाचा हात खाली पडला, सैल, तिच्या स्वतःच्या वजनाने. नारळ मी तिथेच पायरीवर फोडला. तो या वेळी सरळ फुटला नाही. तिरका गेला, एक भाग लहान, एक मोठा.

मी मनवाचा हात धरला आणि आम्ही दोघी उंबरा ओलांडून आत आलो. काही अडलं नाही. टेबलावर तिचा लॅपटॉप उघडाच होता. पांढऱ्या पानावर आपोआप निळी पट्टी उमटली, लॅबचं नाव आलं, आणि पान उघडलं. आमच्या घरात, आमच्या वायफायवर.

डॉक्टरीणबाईंना तेव्हाच फोन केला. "बरं झालं आजच कळवलंत," त्या म्हणाल्या. "सकाळी उपाशीपोटी घेऊन या."

दार लावायला गेले तर रूथ तिच्या दारात उभी होती, हातात जपमाळ. हळूच म्हणाली, "वहिनी, एक विचारू? तो म्हातारा कोण होता? मनवाचा हात धरून?"

 "घरचाच," मी म्हटलं.

ऑपरेशन चांगलं झालं. नंतर केमोला सुरुवात झाली. मनवाचे केस गेले, ती डोक्याला रुमाल बांधते आणि वर मलाच चिडवते, "आई, बघ, आता गुंता नाही, तुझी फणी नाही, तुझी बडबड नाही." डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडतंय. अपेक्षेपेक्षा जास्तच. त्यांनाही जरा नवल वाटतं. मला वाटत नाही. मी आशेने राहते, तो माझा स्वभावच आहे.

पण एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या वेळचा रिपोर्ट बघायला मनवाने साइट उघडली तेव्हा तिच्या नावाच्या खाली आणखी एक नाव होतं. माझं. तेही माहेरचं, जे या बिल्डिंगमध्ये कुणालाच ठाऊक नाही, जे मी लग्नानंतर कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. त्याच्यापुढे लिहिलं होतं: ‘नमुना मिळाला आहे. रिपोर्ट तयार होत आहे.’

मी कुठे रक्त दिलं नव्हतं. कुठली तपासणी केली नव्हती. मनवाने लॅबला फोन केला. ते म्हणाले, या नावाचं आमच्याकडे कुणीच नाही.

मनवा रडली, माझ्याशी भांडली. मी तिला म्हटलं, अगं, साइटची चूक असेल, तुझ्या त्या साइटचा भरवसा तरी काय. ती झोपली की मी उघडून बघते. मला आता येतं ते. पान झटकन येतं. महिनाभर तेच लिहिलेलं होतं. आज सकाळी बघितलं तर ‘तयार होत आहे’ नव्हतं. ‘तयार आहे’ असं होतं, आणि शेजारी उघडायचं बटण.

मी दाबलेलं नाही. मनवाचा शेवटचा डोस अजून व्हायचाय. तेवढा होऊ दे.

तुम्ही अशा घाबरू नका हो. मी तुम्हाला भिववायला नाही सांगितलं. तुमच्याही घरी कधी कुणी असं दाराबाहेर उभं राहील, आणि त्याचं बोलणं तुम्हाला आतून ऐकू येणार नाही. तेव्हा आत उभं राहून हात ओढू नका. बाहेर जा, खाली बसा, त्याला काय झालंय ते सगळं ऐका आणि मग आपला वाटा मागा. मी मागितला. तुम्हीही मागा.